दगडी कोळशाची भट्टी दुपारपर्यंत मान टाकते: दुखणं राखेचं आणि जाळीचं

सकाळी भट्टी झकास पेटते. चहा होतो, पोह्यांची तर्री उकळते, पहिला घाणा निघतो. अकरा-साडेअकराच्या सुमाराला मात्र आच बसायला लागते. कढई तापायला वेळ लागतो, नवा कोळसा टाकला की नुसता धूर होतो, ब्लोअर वाढवला की विस्तव फुलायच्या ऐवजी पांढरी राख उडून दुधात पडते. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, चंद्रपूर, उमरेड या कोळशाच्या पट्ट्यात खानावळी, चहाची दुकानं, मिठाईवाले यांच्याकडे हे रोजचंच रडगाणं आहे. निदानही ठरलेलं असतं: "भाऊ, यावेळचा कोळसाच बेकार आला जी." कोळसा बदलतात, मग ब्लोअर बदलतात, आणि तरी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भट्टी पुन्हा मान टाकते.

भट्ट्या बांधायचं आणि दुरुस्त करायचं काम करताना मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी दोष जाळीच्या खाली निघाला. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा. वरून कितीही उकरलं तरी हा दोष वरून दिसत नाही.

मुळात चूल आणि दगडी कोळशाची भट्टी यांचा स्वभाव उलटा आहे. लाकूड राखेच्या थरावर सुखाने जळतं, त्याला हवा वरून आणि बाजूने मिळाली तरी चालते. म्हणून चुलीत जाळी नसली तरी अडत नाही, आणि चुलीवर हात बसलेला माणूस राखेची फिकीर करत नाही. दगडी कोळशाला हवा खालून, त्याच्या थराच्या पोटातून जावी लागते. ती वाट बंद झाली की वर कितीही चांगला माल असू दे, तो धुमसत राहतो.

दुसरा फरक राखेच्या वजनाचा. शंभर किलो लाकूड जाळलं तर राख एक-दोन किलोच्या आत-बाहेर निघते. आपल्याकडचा दगडी कोळसा गोंडवाना काळातला, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. त्यात माती आणि खनिजं इतकी बारीक मिसळलेली असतात की तो धुऊनही फारसा निवळत नाही. राखेचं प्रमाण साधारण २५ ते ४५ टक्के. खाणीचा माल चांगला की वाईट हे २०१२पासून उष्मांकावर ठरतं, जी-१ ते जी-१७ अशा प्रतवारीत. जी-१ म्हणजे किलोला ७,००० किलोकॅलरीच्या वर, जी-१७ म्हणजे २,२०० ते २,५००. आपल्या हाती येतो तो माल मधल्या नाहीतर खालच्या प्रतीचा, शिवाय त्यात दगड आणि शेल (थराथरांचा मातकट दगड) मिसळलेला. तेव्हा राख तिसरा हिस्सा धरून चालणं शहाणपणाचं.

आता हिशोब मांडा. एखाद्या खानावळीच्या भट्टीचा राखेचा कप्पा बारा इंच लांब, बारा इंच रुंद आणि आठ इंच खोल असेल, तर त्यात १९ लिटरच्या जवळपास जागा असते. १७ किलो कोळसा जळला की सहा किलोच्या आसपास राख होते, आणि ती फुसफुशीत असल्यामुळे नऊ-दहा लिटर जागा घेते. म्हणजे अर्धा कप्पा भरला. पहाटेपासून अकरापर्यंत तेवढा कोळसा सहज जातो. राख कप्प्यात सपाट पसरत नाही, जाळीच्या मधोमध खाली तिचा ढीग चढत जातो. कडेला अर्धाच दिसणारा कप्पा मध्ये जाळीला टेकलेला असतो. "दुपारपर्यंतच चालते" याचं कोडं इथे सुटतं. कप्पा केवढा आहे आणि कोळसा किती जातो, यावरून भट्टी कधी बसणार ती वेळ आधीच सांगता येते.

आधी खालून बघा

ब्लोअर बंद करा, खालच्या तोंडाची झाकणपट्टी काढा, तोंड बाजूला ठेवून तिरपं वर बघा. वाकता येत नसेल तर लांब दांड्याला बांधलेला आरसा आत धरला तरी काम होतं. जाळीच्या फटींमधून सगळीकडे सारखा लाल उजेड दिसला पाहिजे. जिथे काळोख तिथे हवा जात नाही. मधोमध काळोख आणि कडेला उजेड असेल तर खालचा ढीग जाळीला भिडलाय. एकाच बाजूला काळा पट्टा असेल तर तिथे खंगर, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचा गोळा, बसलाय. सगळी जाळीच मंद, करड्या रंगाची दिसत असेल तर फटी राखेने आणि चुऱ्याने बुजल्यात. एखाद्याच ठिकाणी पांढरा झगझगीत डाग असेल, तर तिथे थराला भोक पडून सगळा वारा तेवढ्यातून पळतोय. राख दुधात उडते ती त्याच भोकातून.

मग बाहेर काढलेली राख बघा. पांढरी-करडी, पिठासारखी असेल तर जळण नीट चाललंय. त्यात काळे अर्धवट खडे बरेच असतील तर फटी मोठ्या आहेत किंवा कोणीतरी गरजेपेक्षा जास्त हलवतंय. काचेसारखे चकचकीत, एकमेकांना चिकटलेले गोळे असतील तर पुढे खंगराबद्दल लिहिलंय ते लक्ष देऊन वाचा.

राख काढायची रीत

आधी कप्पा रिकामा करायचा, मग जाळी झाडायची. बहुतेक जण उलटं करतात. कप्पा भरलेला असताना जाळी हलवली तर राखेला पडायला जागाच नसते, ती फटीत आणखी ठासून बसते.

ब्लोअर बंद असतानाच राख ओढायची. चालू ठेवून ओढली तर निम्मी तुमच्या डोळ्यांत आणि निम्मी कढईत. मग चपट्या टोकाची, हातभर लांब दांड्याची सळई घ्या आणि जाळीला लागून, तिच्या पृष्ठभागावरून आडवी सरकवत न्या, पोळी तव्यापासून सोडवताना उलथणं घालतो तसं. थर उचकायचा नाही, फक्त जाळीपासून सुटा करायचा. मग खालून आकड्याच्या टोकाने एकेक फट मोकळी करत जायचं. राख सळसळत पडेल. तिच्यात लाल ठिणग्या आणि बारीक निखारे दिसायला लागले की तिथेच थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे. हौसेने जाळी लख्ख करणारे पोरगे सगळा विस्तव खाली पाडतात आणि मग "साफ केल्यावर भट्टी विझते काहून?" असं विचारतात. जाळीवर बोटभर राखेचा थर राहिलाच पाहिजे. तो लोखंडाला थेट निखाऱ्यापासून वाचवतो आणि वारा सगळीकडे सारखा वाटतो.

वरून गज खुपसून ढवळणं बंद करा. ही एवढी एक सवय सुटली तरी निम्मा त्रास जातो. ढवळल्यावर क्षणभर ज्वाळ उठते म्हणून ती बरी वाटते. पण त्याने खालची राख वर, सर्वात तापलेल्या पट्ट्यात येते, तिथे ती वितळते आणि थंड होताना कोळशाला कवटाळून घट्ट होते. आपल्याच हाताने खंगर तयार होतो.

नवा कोळसा टाकायच्या आधी राख काढा, टाकल्यावर नाही. वर लाल, जिवंत थर असताना झाडलं की हवा लगेच खेळते आणि नवा माल पटकन धरतो. थर चार ते सहा इंचांचा ठेवा. डोंगर रचल्याने आच वाढत नाही, धूर वाढतो. भट्टी दिवसभर चालत असेल तर राख तीनदा-चारदा थोडी थोडी काढलेली बरी.

खंगर

वीटभट्टीवाले जास्त जळून वितळलेल्या विटेला खंगर म्हणतात. कोळशाच्या भट्टीत जमतो तोही तसाच, बॉयलरवाले त्याला क्लिंकर म्हणतात. राखेतली खनिजं साधारण १,१०० अंशांपासून पुढे मऊ व्हायला लागतात, काही १,४०० पर्यंत तग धरतात. आपल्या कोळशाच्या राखेत वाळू आणि चिकणमातीचा भाग जास्त, म्हणून ती तशी सहज वितळत नाही. ती वितळते दोन कारणांनी. एक म्हणजे लोह. कोळशाच्या ढेकळात मध्येच सोन्यासारखी पिवळी चकाकी दिसते, ती लोह आणि गंधकाची. असे खडे जास्त असले आणि हवा कमी पडली की राख लवकर पाघळते. हवा कमी आणि राख जास्त, असं दुष्टचक्र सुरू होतं. दुसरं कारण आपण वरून टाकतो ते. मीठ, काच, सांडलेला पाक, साखरेची पोती, दुधाच्या पिशव्या, फुटलेल्या कपबशा. मीठ आणि काच तर राखेचा वितळबिंदू खाली आणायचंच काम करतात. भट्टी ही कचराकुंडी नाही, हे कामावरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

एका मिठाईवाल्याकडे खवा आटवायच्या भट्टीचा एक कोपरा कायम थंड राहायचा. कढईत एका बाजूला दूध उसळायचं, दुसऱ्या बाजूला साय धरायची, आणि ढवळणाऱ्याचा हात उसळत्या बाजूला करपायचा. भट्टी थंड झाल्यावर सळई घातली तर जाळीच्या कोपऱ्यातून थाळीएवढा सपाट खंगर निघाला. वरून काळा आणि भोकाभोकांचा, खालून जाळीच्या सळ्यांचे ठसे उमटलेला, दोन फटींत पाघळून बोटभर खाली लोंबणारा. तो काढताना एक सळई त्याच्यासोबतच निखळून आली, कारण खालून तिचा पापुद्रा सुटून ती आधीच निम्मी झाली होती. ब्लोअरचा पाइप बरोबर त्या कोपऱ्यात उघडत होता. वाऱ्याचा झोत एकाच जागी लागून तिथेच अतोनात ताप व्हायचा, राख वितळायची, मग तीच जागा बंद पडायची. पाइपाच्या तोंडासमोर चार इंचांवर फायरब्रिकचा (आच सोसणाऱ्या विटेचा) अर्धा तुकडा उभा केला. झोत फुटून सगळ्या कप्प्यात पसरला आणि कोपरा धरला.

चालू भट्टीतला खंगर फोडायचा नाही. फोडला की तुकडे फटींत अडकतात. त्याच्या भोवतीचा विस्तव एका बाजूला ओढा, चपटी सळई खाली घालून अख्खा उचला, चिमट्याने बाहेर काढा. तो लाल असताना ठिसूळ नसतो, चिकट असतो, म्हणून मिनिटभर हवा लागू द्या. भिंतीला चिकटलेला खंगर मात्र भट्टी पूर्ण गार झाल्यावर छिन्नीने हलक्या हाताने सोडवा, नाहीतर त्याच्याबरोबर फायरब्रिकचा टवका निघतो.

जाळी वाकते, जळते, तुटते

"बीडाची जाळी घेतली, सहा महिन्यांत वाकली, माल हलका दिला." बीड म्हणजे ओतीव लोखंड. असं ऐकलं की मी आधी विचारतो, कप्पा दिवसातून किती वेळा रिकामा होतो?

जाळीवर हजार-बाराशे अंशांचा विस्तव बसलेला असतो. ती तरीही टिकते, कारण खालून जाणारी थंड हवा तिला सतत गार करत असते. जळण पुरवणारी हवा तीच आणि जाळी वाचवणारीही तीच. राख खालून टेकली की सळईला वर निखारा आणि खाली गरम फुफाटा, दोन्हीकडून भाजणं. मग लोखंड कुठलंही असू दे, वाकणारच. जाळी मधोमध वाकलेली असते ती यामुळेच, ढीग तिथेच टेकतो.

वीज जाते तेव्हाही हेच होतं. ब्लोअरवर चालणाऱ्या भट्टीचं खालचं तोंड पट्टीने बंद असतं. वीज गेली, वारा थांबला, वर लाल थर तसाच, आणि सळयांना गार करायला काहीच नाही. अशा वेळी लगेच खालचं तोंड उघडायचं. नैसर्गिक वारा लागला तरी पुरतं. नवी भट्टी बांधताना तिथे सरकती पट्टी ठेवा, वीट रचून बंद करू नका.

तिसरं कारण गवंड्याच्या हातून घडतं. सळयांची टोकं भिंतीत मातीने किंवा सिमेंटने पक्की केलेली असतात. लोखंड तापल्यावर लांबतं. दीड फुटाची म्हणजे ४५० मिमीची सळई ६०० अंशांना ३ मिमीहून जास्त वाढते. टोकं पक्की असली तर ती वाढ जाणार कुठे? सळई कमानीसारखी वाकते किंवा भिंत फोडते. म्हणून सळया विटेच्या कट्ट्यावर नुसत्या टेकवायच्या, दोन्ही टोकांना तीन-तीन मिमी मोकळं सोडायचं. सुट्या सळयांचा दुसरा फायदा असा की एक जळली तर एकच बदलता येते.

लोखंड कुठलं? बांधकामावरची उरलेली टीएमटी सळई सगळ्यात स्वस्त म्हणून सर्रास घालतात. मी ती घालत नाही. तिची ताकद बाहेरच्या कडक थरात असते, आणि भट्टीच्या तापाने तो थर मऊ पडतो. शिवाय तिच्या कंगोऱ्यांत राख धरते. साधी गोल सळई घालायची तर जाड घाला आणि तिचे पापुद्रे सुटणार, ती वर्षभराची धनी नाही, हे धरून चला. दिवसभराच्या भट्टीला बीडाच्या पट्ट्याच योग्य, त्याही वर रुंद आणि खाली निमुळत्या ओतलेल्या. त्या आकारामुळे फट खाली रुंदावत जाते, वरून शिरलेला कण अडकत नाही, खाली पडतो. दोन्हीकडून सरळ चपट्या पट्ट्या उभ्या लावल्या की कण मध्येच पाचरीसारखा बसतो. बीड तापाला चांगलं, पण ठिसूळ. लाल जाळीवर पाणी ओतलं की तडा ठरलेला. भट्टी विझवायला पाणी कधीच नाही. लाल कोळशावर पाणी पडल्यावर वाफेचा लोट हाता-तोंडावर येतो ते वेगळंच.

फट किती हे कोळशाच्या आकारावर. एक ते दोन इंची गोटीला १० ते १२ मिमी ठीक पडते. चुरा जास्त असेल तर फट कमी करण्याआधी माल चाळा. उरलेला चुरा थोडा ओलसर करून थोडा थोडा वरून टाका, म्हणजे तो उडत नाही आणि फटीतून गळत नाही. चुऱ्याचे शेण-मातीचे गोळे करत असाल तर माती चिकटण्यापुरतीच घ्या. जितकी माती घालाल तितकी राख म्हणून परत काढावी लागेल. पावसाळ्यात उघड्यावरचा चुरा चिखल होऊन थरावर साय धरतो, त्यावर ताडपत्रीशिवाय दुसरा इलाज नाही.

दांडा ओढून हलणारी तयार जाळी असेल आणि दांडा अडला, तर जोर लावू नका. फटीत खंगराचा किंवा दगडाचा तुकडा, नाहीतर एखादा खिळा असतो. जळाऊ लाकडातून खिळे येतातच. दांडा उलट दिशेने थोडा सोडा, खालून आकड्याने तुकडा पाडा, मग ओढा. झटका दिला तर बीडाचा दात तुटतो, आणि त्यानंतर अख्खी जाळी बदलण्यावाचून इलाज नसतो.

एवढं करूनही आच बसत असेल तर मग ब्लोअरची पाती आणि धुरांडं बघा. पात्यांवर राखेचा थर चढला की वारा कमी होतो. धुरांड्यात काजळी बसली की खालून कितीही मोकळं केलं तरी ओढ लागत नाही. दोन्ही तासाभराची कामं आहेत.

जाळीवर मोठा खर्च करण्याआधी आपल्या शहरातला नियम विचारून घ्या. मुंबईत जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा इतर स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. जिथे तसं होणार असेल तिथे बीडाचा नवा संच घेण्यात अर्थ नाही.

काढलेली राख

राख वरून गार लागते आणि आत निखारा जिवंत राहतो, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. ती पत्र्याच्या, झाकणाच्या डब्यात काढा, प्लॅस्टिकच्या टबात किंवा पोत्यात नको. डबा बाहेर, भिंतीपासून आणि सिलिंडरपासून लांब ठेवा. हिवाळ्यात ऊब म्हणून निखाऱ्याची शेगडी किंवा हा डबा बंद खोलीत नेऊन झोपू नका. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतला माणूस उठत नाही. भट्टीच्या खोलीत वर-खाली दोन्हीकडे हवेची वाट हवीच.

दुसऱ्या दिवशी डब्यात सळई घालून तळापर्यंत ढवळा, वर हात धरून ताप लागतो का बघा. मग पाण्याचा हलका हबका मारून धूळ बसवा आणि खड्ड्याच्या भरावाला वापरा. भाजीच्या वाफ्यात टाकू नका. लाकडाच्या राखेत पालाश (पोटॅश) असतं म्हणून ती झाडांना चालते, दगडी कोळशाच्या राखेत ते नावापुरतं आणि जड धातू मात्र असतात. भांडी घासायलाही ती घेऊ नका, तिच्यात वाळूसारखी कच असते आणि पितळेवर ओरखडे उमटतात.